बारवेवरची मावशी

पाण्याचा वास आला तशी मेंढरं माळावरच्या वाळल्या कुसळातून पळत सुटली आणि बारवेच्या अलीकडं दोरीला येऊन थटली. मागून हरणाबाई धापा टाकत आली. चार खुंट्या ठोकून कुणीतरी सगळी बारव दोरीनं बंद केली होती. पलीकडं दहा-बारा निळे-नारंगी तंबू. ज्या दगडी डोणीत मेंढरं पाणी पीत, ती घासूनपुसून लख्ख केली होती आणि तिच्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या.

पाच दिवस मेंढरं खालच्या तळ्यावर पीत होती. काल तिथं नुसता चिखल उरला. आता दोन कोसांत पाणी म्हणजे ही बारव.

"पूर्वी इथं मेंढपाळांचे कळप उतरायचे, मुक्काम करायचे," शिबिराचे सर माइकवरून सांगत होते. समोर गवतात सतरंज्या टाकून कॉलेजची तीसेक पोरं बसली होती.

"उतरायचे न्हवं," हरणाबाई दोरीपलीकडून म्हणाली. "उतरल्यात. दोरी सोडा."

पोरं हसली. त्यातला ऋषिराज नावाचा एकजण उठून आला. "आजी, आज नको ना. चार दिवस राबून आम्ही गाळ काढलाय. एक वाजता पाहुणे येणार आहेत."

"गाळ काढला, लय चांगलं केलं. मेंढरं कालपास्नं तान्हेली हायती."

"एकच दिवस दुसरीकडं पाजा, आजी," सर म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. त्यानंच हरणाबाईचं डोकं जास्त फिरलं. तिनं काठी उगारली.

"दुसरीकडं कुठं, त्येवढं तुमी दावा."

सरांनी मागं वळून हाक मारली, "पल्लवी, तुला इकडची बोली चांगली येते. जरा समजावून सांग यांना."

सगळ्यात मागून एक पोरगी उठली. टोपी कपाळावर ओढलेली, पायांत पांढरे बूट. ती जवळ आली आणि हरणाबाईची उगारलेली काठी आपसूक खाली आली. लेकाची पोर. साताऱ्याला शिकायला ठेवलेली. मागच्याच आठवड्यात फोनवर म्हणाली होती, शिबिर तिकडं लांब पाटणला हाय म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस हिनंच ही मेंढरं राखली होती, ह्याच डोणीवर पाजली होती.

हरणाबाईचा राग निम्मा उतरला. घरचं माणूस आलं, आता कुणाला काही पटवत बसायला नको. तिचा हात पोरीच्या गालाकडं गेला.

पल्लवी एक पाऊल मागं सरली. "मावशी," ती बुटांकडं बघत म्हणाली, "मेंढ्या जरा मागं घ्या."

ओळख ना पाळख, ती परकी माणसंसुद्धा हरणाबाईला आजी म्हणत होती.

हरणाबाईनं हात मागं घेतला. मघाचा राग तोंडाचा होता, बोलून मोकळं होण्यासारखा. हा पोटात उतरला.

"कुणाची गं तू?"

"साताऱ्याची." मग ओठ न हलवता, अगदी हळू, "जा ना आता. संध्याकाळी फोन करते."

हरणाबाईनं कमरेचा विळा काढला आणि दोरी कापली. मेंढरं आत घुसली, पाकळ्यांसकट पाणी पिऊ लागली. तिनं पोरांचीच बादली उचलली, बारवेच्या पायऱ्या उतरून भरून आणली, डोणीत ओतली, पुन्हा उतरली. साठ वर्षांच्या बाईनं तशा नऊ खेपा केल्या. तिला अडवायला कुणी आलं नाही, मदतीलाही कुणी आलं नाही. मोबाईल मात्र सगळ्यांचे वर झाले.

सर तांबडेलाल होऊन आले. तिला काही न बोलता ते पल्लवीवर घसरले. "तू नक्की काय सांगितलंस यांना?"

"तिला बोलू नगासा," हरणाबाई बादली उपडी करत म्हणाली. "तिनं नीट सांगितलं. मलाच तिची बोली कळली न्हाई."

मेंढरांचं पिऊन झालं तशी तिनं कळप माळाला लावला. पल्लवीकडं तिनं बघितलं नाही.

एक कोकरू तेवढं तंबूंच्या मधे राहून गेलं. दोन-तीन पोरं हसत, हात पसरून त्याच्या मागं लागली. ते बिथरलं आणि थेट बारवेच्या उघड्या काठाकडं पळालं. खाली पाण्यापर्यंत चाळीस फूट नुसता दगड.

पल्लवीनं जीभ टाळ्याला लावली आणि हाळी दिली. लांब, चढत जाणारी, धनगरवाड्यावर वाढल्याशिवाय कुणाच्या गळ्यात न येणारी.

कोकरू काठावर थांबलं. पण ती हाळी एकट्या कोकरानं ऐकली नव्हती. माळाला लागलेला सगळा कळप वळला. सत्तर मेंढरं तंबूंच्या दोऱ्यांतून, सतरंज्यांवरून, पाहुण्यांच्या खुर्च्या पाडत धावत आली आणि पल्लवीला घेरून उभी राहिली. एक तिची बोटं चाटू लागलं, दुसरं बुटाच्या नाड्या ओढू लागलं. पोरांचे मोबाईल आता तिच्याकडं वळले. सर माइक हातात धरून बघत राहिले.

हरणाबाई लांब माळावर काठी टेकून उभी होती. तिनं मेंढरांना हाक मारली नाही.