एकदा दाबलं तर हो

साळव्यांची बोटं कालिंदीच्या मुठीत होती आणि पाळक वाट बघत होते.

बालीगंजच्या त्या नर्सिंग होममध्ये भरदुपारी वीज गेली होती. युद्धात काचांना चिकटवलेला काळा कागद वर्ष होत आलं तरी कुणी खरवडला नव्हता. पंखा थांबला तशा माश्या साळव्यांच्या तोंडाशी आल्या. हाकलणार कशानं? उजवं अंग गेलेलं, जीभ गेलेली. उरली होती डाव्या हाताची बोटं, त्यांतही जोर मुंगीएवढा. नर्स कालिंदीनंच त्यांना शिकवलं होतं, एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर नाही. पाणी हवंय? एकदा. उजेड डोळ्यांवर येतोय? दोनदा. डॉक्टरांना तो दाब कळत नसे. भिंगारदिवे पाळकांनी आल्या आल्या स्वतः हात धरून पाहिला, त्यांनाही कळला नाही.

"तूच धर, बाई," ते म्हणाले. "अकरा दिवस तुलाच कळतंय त्यांचं."

औषधांच्या टेबलावर त्यांनी पांढरा रुमाल अंथरला, भाकर मोडली, लहानशा प्याल्यात द्राक्षरस ओतला. साळव्यांना मरणाआधीचं प्रभुभोजन द्यायचं होतं. पण आधी साक्षीदारासमोर विचारायचं, आणि स्पष्ट 'हो' आल्याशिवाय द्यायचं नाही. कलकत्त्यातल्या वीस-बावीस मराठी ख्रिस्ती घरांच्या मंडळीला हा नियम घालून दिला होता मनोहर साळव्यांनीच. रेल्वेत मोठे साहेब, मंडळीत मुख्य पंच. ते बोलायला लागले की पाळकसुद्धा खाली बसत.

कालिंदीला तो नियम पाठ होता. चार वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण लीना, लग्नाआधीच पोटुशी, याच माणसापुढे उभी होती. रविवारची उपासना. बाकड्यांवरच्या बायका पदर सावरून बघत होत्या. साळव्यांनी विचारलं, पश्चात्ताप आहे का? लीना हो म्हणाली. मोठ्यानं म्हण, ते म्हणाले. ती मोठ्यानं म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिनं पुढच्या बाकाला धरलं होतं. साळव्यांनी चष्मा पुसला आणि मंडळीकडे वळून म्हणाले, "हिच्यात मला काही जाणवत नाही." झालं. मंडळीच्या वहीतून तिचं नाव कापलं गेलं. चौथ्या दिवशी लीनानं हावड्याहून सुटलेल्या लाँचमधून गंगेत उडी घेतली. तिच्या मातीला मंडळीतलं एक माणूस आलं नाही.

या खोलीत आल्यावर पहिल्याच दिवशी साळव्यांनी कालिंदीला ओळखलं होतं. डोळे मिटून घेतले होते. तिनं त्यांना पुसलं, कूस बदलली, चमच्यानं पेज भरवली. तिची ड्यूटीच होती ती.

"मनोहरराव," पाळकांनी वाकून विचारलं, "केल्या पापांचा तुम्हाला पश्चात्ताप आहे?"

बोटं दाबली गेली. एकदा. आणि तशीच दाबून राहिली. पाण्यासाठीही कधी अशी राहिली नव्हती.

कालिंदीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. डोळे भरले होते. लीनाचेही भरले होते.

नाही, ती म्हणाली, काही कळत नाही.

पाळकांनी परत विचारलं. बोटांनी परत सांगितलं. तिनं परत मान हलवली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या बोटांची नखं तिच्या तळव्यात टोचली.

"यांच्यात मला काही जाणवत नाही," कालिंदी म्हणाली.

हे वाक्य साळव्यांनी ओळखलं. घशातून एक घरघर आली, तिचा शब्द काही झाला नाही.

पाळक स्टुलावर बसले. नियम मोडायची हिंमत त्यांच्यात लीनाच्या वेळी नव्हती, आताही नव्हती. मग त्यांनी शिकवण काढली. माणूस पापात मेलेला असतो, म्हणाले, आणि मेलेला आपण होऊन देवाला हो म्हणत नाही. देवानं आतून हलवलं तरच तो हलतो. देवानंच हलवलं नाही, तर आपण काय करणार?

"लीनाला कुणी हलवलं होतं?"

पाळक रुमालाची घडी नीट करायला लागले. त्या रविवारी वहीतल्या नावावर रेघ त्यांनीच मारली होती.

मोडलेली भाकर तशीच परत न्यायची नसते. त्यांनी भाकर आणि प्याला उचलून कालिंदीपुढे धरला. तू घे, म्हणाले, एवढी सेवा केलीस या माणसाची, तुझ्या मनात यांच्यावर किती राग असेल, तरी केलीस. मंडळी सोडलीस म्हणून काय झालं. फक्त विचारावं तेवढं लागेल.

"साक्षीला मनोहरराव आहेतच," ते म्हणाले आणि कसनुसं हसले.

कालिंदी साळव्यांचा हात सोडायला विसरली होती.

"कालिंदी, केल्या पापांचा तुला पश्चात्ताप आहे?"

तिच्या मुठीत बोटं दाबली गेली. एकदा.

"नाही," कालिंदी म्हणाली, आणि मोकळ्या हातानं साळव्यांच्या ओठावरची माशी हाकलली.