चित्रातला धूर

पुरातत्त्व खात्याच्या साहेबांनी जीपच्या बॉनेटवर चित्र पसरलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आमिनाबीच्याच अंगणातले दोन दगड ठेवले.

दोनशे वर्षांपूर्वीच्या जलरंगातल्या चित्राची ती रंगीत झेरॉक्स. वेढा पडलेल्या गावाचा तट, वेशीजवळची चिंच, समोर तोफ. वेढा घालणाऱ्या फौजेतल्याच कुणा गोऱ्यानं निवांत बसून काढलेलं.

"हा तट. यात तुमचं घर दिसतंय का?"

आमिनाबीचा पोरगा चाँद वाकला. घर नव्हतं. चित्रात माणसंही नव्हती, पण गावात माणसं नव्हती असं साहेब अजून म्हणाले नव्हते.

"तटाच्या जागेवर अतिक्रमण आहे. तट जपायचाय आम्हाला."

"तट कुठं हाय, साहेब?"

"होता."

तटाचं गावात एवढंच उरलं होतं: त्याच्या दगडांनी बांधलेली आमिनाबीच्या घराची मागची भिंत. तट जपायचा म्हणून आधी तीच पडणार होती.

चाँदनं चित्रावर बोट ठेवलं. चिंचेच्या डाव्या हाताला, बरोबर त्यांच्या दाराच्या जागी, करड्या रंगाचा मोठा लोट होता.

"हे काय हाय?"

"धूर."

"घर न्हाई?"

"दिसत नाही, म्हणजे नव्हतं."

"मग जळतंय काय?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जेसीबीवाला अजिनाथही खाली उतरून बघायला आला.

"कायतरी जळतंय बरं का, साहेब."

"तू वर बस."

अजिनाथ वर बसला. चित्रात तोफ होती तिथंच त्याचा जेसीबी उभा होता. गल्लीत शिरायला दुसरीकडून वाट नव्हती.

कारवाईचा फोटो लागतो, म्हणून प्रवीण कारकून मोबाइल घेऊन समोरच्या टेकाडावर चढला. सगळं एका नजरेत दिसेल अशी तेवढीच जागा होती. गोराही तिथंच बसला असणार.

आमिनाबी गोधड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली. तिनं टेकाडाकडं बघून हाक दिली, "बाबा, एक घरासकट काढ."

"काढतो, खाला. जरा बाजूला व्हा."

त्यानं मोबाइल आडवा धरला, उभा धरला, पुन्हा आडवा धरला. तोवर भिंत गेली.

फोटो छान आला. चिंच आली, जेसीबी आला. चिंचेच्या डाव्या हाताला करड्या रंगाचा मोठा लोट होता. घर दिसत नव्हतं.