तिसऱ्या कडव्यातली चूक

"आजही मधेच थांबलात, काका," नवे पाळक म्हणाले. "प्रभुभोजनाची अर्धी रांग उभी आणि वर ऑर्गन गप्प. लोकांच्या चपलांचे आवाज ऐकत बसलो आम्ही."

"जेवढं होतं तेवढं झालं, पाळकसाहेब."

"अहो, मग तेच पुन्हा घ्यायचं!"

काकांना हे सुचलं नव्हतं. "पुढच्या वेळी घेतो," ते म्हणाले.

उपासना संपली होती. काका सज्जाच्या जिन्यापाशी स्वरलिपीचं जाड पुस्तक बगलेत धरून उभे होते. झाडूवाल्या मावशी बाकांखालून केर ओढत होत्या.

"आणि निरोपाच्या गीतात तिसऱ्या कडव्याला दर रविवारी त्याच जागी चूक कशी होते हो?"

"मंडळीला सवय झालीय तिची."

ते खरं होतं. त्या जागी एक भलताच सूर लागायचा. सगळे तिथे श्वासभर थांबायचे आणि मग पुढे गायचे. लहान मुलांना तर ते गीत तसंच आहे असं वाटायचं.

"पाळकसाहेब, नका त्यांच्या नादी लागू," मावशी खालून म्हणाल्या. "बाई होत्या तेव्हा जरा ऐकायचे कुणाचं. आता कुणाचंच नाही."

बाई, म्हणजे काकांच्या पत्नी, जाऊन वर्ष होत आलं होतं. नवे पाळक त्यानंतर आले. वरच्या त्या रुंद बाकावर कितीतरी वर्षं दोघं बसायची. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने पानं उलटायची. खालच्यांना त्यांच्या पाठी दिसायच्या, त्याही मागे वळून पाहिलं तर. उपासनेत मागे वळून कोण पाहतं? बाई आजारी पडल्या त्या उन्हाळ्यात तर दोघं रोज दुपारी रिकाम्या चर्चमध्ये येत. तासन्‌तास ऑर्गन चाले. आजारी बाईचं मन रमावं म्हणून, असं मावशींना वाटायचं. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे. त्या खालूनच ओरडायच्या, "चहा आणू का?" आणि वरून बाईंचा आवाज यायचा, "थांबा हो मावशी, एवढं होऊ दे!"

"बरं, दुसरं," पाळक म्हणाले. "ऑर्गनच्या मागचा तो जुना खोका बदलायचा ठरलाय. कारागीर म्हणतो, वायरी जळत चालल्यात. पुढच्या रविवारी उपासनेनंतर येतोय तो."

काकांनी पुस्तक दुसऱ्या बगलेत घेतलं. "खोका राहू द्या."

"नवा चांगला असतो, काका. जुन्यात साठवलेलं सगळं पुसलं जाईल, एवढंच. पण ते काय, पुन्हा बसवता येतं म्हणे."

"पुन्हा नाही बसवता येणार."

"का?"

काका जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसू लागले.

"कारण तरी सांगा. मी समितीला काय सांगू? काका म्हणाले, नको?"

"तेवढंच सांगा."

पाळकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी खांदे उडवले आणि झाडू आपटला.

घरी आल्यावर काकांनी कुलूप काढलं, खिडकी उघडली आणि पुन्हा लावली. कोपऱ्यातल्या पेटीवर धुतलेले कपडे साचले होते. त्यांतला एक सदरा काढून त्यांनी त्याची घडी घातली. दुसऱ्या खोलीतून कुणी काही विचारणार नव्हतं, तरी ते मोठ्याने म्हणाले, "खोका काढतायत गं."

मग उरलेल्या कपड्यांच्याही घड्या घातल्या.

पुढच्या रविवारी ते लवकर आले. वर जाऊन बटण दाबलं. ऑर्गनमध्ये हवा भरू लागली, म्हातारं माणूस उठताना सोडतं तसा सुस्कारा निघाला. काका बाकाच्या डाव्या टोकाला बसले, नेहमीच्या जागी, आणि पुस्तक उघडून ऑर्गनवर लावलेल्या आरशात बघत राहिले. आरशात पाळकांचा हात वर गेलेला दिसला की सुरुवात करायची.

त्या दिवशी प्रभुभोजनाच्या रांगेत संगीत पुरलं. पाळकांनी समाधानाने वर पाहिलं.

निरोपाचं गीत झालं. तिसऱ्या कडव्याला सगळे थांबले आणि पुढे गेले. मग आशीर्वाद, आणि त्यानंतर तेच गीत पुन्हा, शब्दांशिवाय. ते सुरू झालं की लोक उठायचे. किल्ल्या वाजायच्या, पोरं ओरडायची, दुखण्याखुपण्याची चौकशी व्हायची. "हे लोक पायांनी ऐकतात," बाई हसून म्हणायच्या. शेवटचा सूर ऐकायला खाली मावशी तेवढ्या उरत, तेही केर काढायचा म्हणून.

कारागीर दाराशी हत्यारांची पिशवी घेऊन उभा होता. पाळक त्याला म्हणाले, "जरा थांबा. म्हाताऱ्याशी एकदा बोलून येतो. न सांगता काढलं तर मनाला लावून घेतील."

सज्जाचा जिना ते पहिल्यांदाच चढत होते. जिना अरुंद होता, झगा वर धरावा लागत होता. वरच्या पायरीवर पोचून त्यांनी "काका" म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसेच उभे राहिले.

"साहेब, येऊ का वर?" खालून कारागिराने विचारलं.

पाळकांनी मागे न बघता हात आडवा केला. हळूच त्या पायरीवर बसले. खाली मावशींचा झाडूही थांबला होता.

बाकाच्या डाव्या टोकाला काका हात मांडीवर ठेवून बसले होते. मागच्या जुन्या खोक्यावरचा दिवा लुकलुकत होता, आणि उजवीकडच्या मोकळ्या जागेसमोर पट्ट्या एकामागून एक आपसूक खाली जात होत्या, तिसऱ्या कडव्याला ती चुकीची पट्टीसुद्धा. पान संपत आलं तसा काकांनी हात उचलला आणि ते उलटलं.