भिंतीवर कोण कोण

"सावकाश," चित्रकार शिडीवरून म्हणाला आणि खालून बापाने दोर आणखी हातभर ओढला. रंगवलेला शेवटचा पत्रा भिंतीला लागला. बोल्ट आवळले गेले, ओळंबा सोडून पाहिला, आणि आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी चढत असलेली अख्खी गल्ली एकदाची भिंतीवर उभी राहिली.

खाली जमलेली गल्ली लगेच स्वतःला शोधायला लागली. शिंपी मशीनवर सापडला. नर्सबाई छत्री उघडताना सापडल्या. पाववाल्याने आपलं पोट पाहून कपाळावर हात मारला. निवृत्त हेडमास्तर मधोमध खुर्चीत ऐसपैस बसले होते. कोपऱ्यावरचं चोरटं मांजरसुद्धा सुटलं नव्हतं.

सुटला होता तो चित्रकाराचा बाप. याच भिंतीला टेकून त्याने उभा जन्म सायकलींची पंक्चरं काढली होती आणि चित्रासाठी आपलं खोकं निमूट उचलून पलीकडे नेलं होतं. तो विसरून सुटला नव्हता. कच्च्या रेखाटनात होता, गुडघ्यांत ट्यूब धरून बसलेला. पण उद्‌घाटनाला मोठी माणसं येणार, फोटो निघणार, आणि कुणीतरी विचारणार, हे काळ्या हातांचे कोण? चित्रकाराने त्याला पुसलं आणि तिथे फुलझाडांच्या कुंड्या काढल्या. कुंड्या झकास जमल्या होत्या, आणि आता त्याचीच त्याला जास्त लाज वाटत होती.

"सगळे दिसले रे," शिंपी म्हणाला, "पण तुझे अण्णा कुठे आहेत?"

साऱ्या माना शिडीकडे वळल्या. खोटं बोलायला चित्रकाराची जीभ रेटेना, आणि खरं सांगायला तोंड नव्हतं.

"हा काय मी," बाप म्हणाला. त्याने दोर सोडला, पुढे झाला आणि सरळ चित्रातल्या हेडमास्तरांकडे बोट दाखवलं. "पोराने बापाला खुर्ची दिलीय बघा."

क्षणभर कुणाला कळेना, मग असा हशा पिकला की विचारू नका. "अण्णा, चष्मा बदला आता," पाववाला म्हणाला. "मास्तरांच्या खुर्चीत बसलात, तर आमच्या परीक्षाही घ्या." खुद्द हेडमास्तर डोळे पुसत होते. बाप ओशाळून "असं होय" म्हणाला. लोक हसत हसत पांगले. शिंप्यालाही आपण काय विचारलं होतं याचा विसर पडला.

चित्रकार खाली उतरला. बापाचं गल्लीभर हसं झालं होतं, आणि ते आपल्या पायी. त्याला मान वर करवेना.

"अण्णा, डोळे एवढे अधू झालेत आणि मला बोलला नाहीत? उद्याच दवाखान्यात जाऊ."

बाप दोर गुंडाळत होता.

"डोळ्यांना काही झालेलं नाही," तो म्हणाला. "सगळे तुझ्या तोंडाकडे बघायला लागले होते. म्हटलं, त्यापेक्षा मला हसतील तर हसू देत."