एक सूत

"हा दांडा किती कमी करायचा?" मॅनेजरबाईंनी विचारलं. लेथवरचा दांडा बोटांनी चाचपून गुलाबराव म्हणाले, "एक सूत."

आणि त्यांनी जीभ चावली. कंपनी बंद पडल्यापासून सात ठिकाणी वयावरून नकार आला होता, म्हणून या अर्जात त्यांनी अठ्ठावन्नचे पंचेचाळीस केले होते. केसही रंगवले होते. पण सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, मोजतात ते जुनेच कामगार. नवी पोरं मिलिमीटर बोलतात.

"काका, खरं वय सांगा."

"अठ्ठावन्न."

"आमची मशिनंही साठीचीच आहेत. इंचातलं काम जाणणारा माणूस मी दोन महिने शोधतेय. वय नीट लिहा आणि उद्यापासून या."

गुलाबरावांनी अर्ज जवळ ओढला. मग सकाळपासून खिशात लपवलेला चष्मा काढून ऐटीत नाकावर चढवला.