घाबरण्याचं कारण नाही

पाणी ओसरलं होतं, चिखल मात्र घोट्यापर्यंत तसाच होता. रेडिओवर बातम्या वाचणारी ती, चपला हातात धरून वडिलांच्या तळमजल्यावरच्या घराशी आली. इस्पितळात त्यांचा झाकलेला चेहरा उघडून पाहिला आणि तशीच इकडे निघाली होती.

दार आडवं पडलं होतं. पुरात आतून त्याच्यावर कपाट कोसळलं होतं, म्हणून ते उघडत नव्हतं. सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकांनी ते पहारीने तोडलं होतं. आत काकू बाह्या सारून खराट्याने चिखल बाहेर लोटत होत्या.

"तू नको येऊस आत. मी करते."

ती आत गेली. भिंतीवर पाण्याची रेघ तिच्या कपाळाच्याही वर होती. म्हणे किरकोळ वादळ. वारा असा सुटलाच नाही, कुठे फांदी मोडली नाही. ते नुसतं येऊन बसलं, रात्रभर ओतत राहिलं, आणि पहाटे मागची नदी घरात शिरली.

"काकू, बाबांनी रात्रीच्या बातम्या ऐकल्या होत्या?"

"छे गं. वीज कुठे होती?"

"त्यांचा रेडिओ सेलवर चालतो."

काकू एकच कोपरा पुन्हा पुन्हा घासू लागल्या.

"काकू, खरं सांगा."

"हे बोलवायला आले होते त्यांना. वर चला म्हणाले. तर हसले तुझे बाबा. म्हणाले, माझी लेक आत्ताच सांगून गेली, वादळाचा जोर गेलाय, घाबरण्याचं कारण नाही. तुम्हीही निवांत झोपा." काकूंनी खराटा भिंतीला टेकवला. "आणि आम्ही झोपलो गं. त्यांनी हाका मारल्या असतील. पावसात काही ऐकू आलं नाही."

"मला जे लिहून दिलं, तेच मी वाचलं," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. ओल्या पलंगाच्या कडेवर ती बसली आणि बाबांची चिखलाने माखलेली उशी मांडीवर घेऊन रडली. काकू शेजारी टेकल्या. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

बऱ्याच वेळाने समोरचा शिंपी दाराशी येऊन उभा राहिला. खांद्यावर भिजलेल्या कापडांचा ढीग होता. तो चाचरत म्हणाला, "ताई, अशा वेळी विचारू नये. पण तुमच्याशिवाय विचारायचं कुणाला? आज रात्रीचं काय म्हणतायत?"

तिने दारातून वर पाहिलं. आभाळ निरभ्र होतं, ऊनही पडलं होतं.

"वर झोपा," ती म्हणाली. "सगळेजण वर झोपा."