आतून तीन

दगडावर तिच्या पणजोबांचं नाव होतं, आडनावासकट. खाली कोरलं होतं, बोगद्यात गाडला गेला. साल आजोबांच्या जन्माच्या चार वर्षं आधीचं.

"हे चुकलंय," ती तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला म्हणाली. "आमचे पणजोबा म्हातारे होऊन अंथरुणात गेले. माझ्या बाबांनी पाहिलंय त्यांना."

"चुकलेलं नाही, ताई. हा माणूस आतच आहे," राखणदार म्हणाला. त्याचा बाप या बोगद्यावर मुकादम होता, हे सगळं त्यानं बापाच्या तोंडून ऐकलेलं होतं.

ती इतक्या लांब आली होती बाबांसाठी. त्यांचं आडनाव जगात दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. शाळेत दरवर्षी नव्या बाई विचारायच्या, हे गं कुठलं? टेलिफोन डिरेक्टरीत त्या आडनावाचं एकच घर, त्यांचं. "आपण दुर्मिळ आहोत, जपून वापरा," असं म्हणत बाबांनी आयुष्यभर ते हसण्यावारी नेलं. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि हसणं संपलं होतं. जायच्या आधी आपण कोण एवढं कळू दे, इतकंच त्यांनी मागितलं होतं. पणजोबा तरुणपणी बोगद्यावर होते, एवढाच धागा हाताशी होता.

राखणदार सांगत गेला. दोघं जोडीदार. छत कोसळलं तेव्हा एक आत अडकला, दुसरा बाहेर राहिला. अशा वेळी आतल्यानं पहारीनं खडकावर तीन ठोके द्यायचे. म्हणजे, जिवंत आहे. बाहेरच्यानं दोन द्यायचे. म्हणजे, येतोय.

 तिच्या घरात रात्री आडवं होण्याआधी सगळे भिंतीवर दोनदा वाजवायचे. तीही वाजवायची. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं.

राखणदार पुढे सांगत होता, मग डोंगर पुन्हा ढासळायला लागला आणि साहेबांनी बोगद्याचं तोंड बांधून टाकलं.

"तेव्हा आतले ठोके थांबले होते?"

"नाही," राखणदार म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून हजेरीचा घोळ सुरू झाला. आतल्याचं नाव पुकारलं की जोडीदार 'हजर' म्हणायचा. स्वतःचं पुकारलं की गप्प. मुकादमानं समजावलं, दरडावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी जो ओ देत नव्हता त्याचं नाव कमी झालं. गाडलेला कागदोपत्री कामावर राहिला. मग एक दिवस जोडीदार तेच नाव घेऊन निघून गेला. दगड त्यानंतर बसवला.

"त्याचं स्वतःचं नाव काय होतं?"

"ते कुणालाच आठवत नाही, ताई."

परतीच्या वाटेवर घराच्या दारावरची आडनावाची पितळी पाटी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. मरणाच्या दारातल्या माणसाच्या हातून त्याचं नाव कसं काढून घ्यायचं? तिचा धीर होईना. दुपारी घरी पोचल्यावर तिनं बाबांना सांगितलं की डोंगरापलीकडे एक गाव होतं, ते उठलं, आपण तिथले.

बाबांनी ऐकून घेतलं. मग कुशीवर वळताना सवयीनं भिंतीवर दोनदा वाजवलं.

"माझे आजोबा वाजवून झालं की भिंतीला कान लावायचे," ते म्हणाले. "आम्हा पोरांना हसू यायचं. शेवटच्या दिवशी मला जवळ घेऊन म्हणाले, अजून तीन येतात रे. मला वाटलं, म्हातारा बरळतोय."

तिनं त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"तू जरा कान लाव ना. मला हल्ली ते तीन ऐकू येतात. खरं की भास, तेच कळत नाही."

तिनं भिंतीला कान लावला. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली.

"बाबा, मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. पण पुढचं सांगण्याआधी तिनं मूठ वळली आणि भिंतीवर दोनदा वाजवलं.